आडवी भिंत

एका उंच इमारतीच्या भिंतीवर दोन माणसे दोर धरून चढत आहेत. पुढचा धिप्पाड, राखाडी-निळ्या पोशाखातला. मागचा पोरसवदा, लाल जाकीट आणि पिवळी केप घातलेला. चढण सरळसोट असूनही दोघांना धाप लागलेली नाही, आणि पुढचा माणूस मागच्याला सुजाण नागरिकाच्या कर्तव्यांविषयी दोन शब्द ऐकवू शकेल इतका निवांत आहे. तेवढ्यात एक खिडकी उघडते, आतून एखादा प्रसिद्ध नट डोके बाहेर काढतो, या दोघांशी सभ्यपणे चार वाक्ये बोलतो आणि खिडकी लावून घेतो. दोघे पुन्हा चढू लागतात.

‘बॅटमॅन’ या अमेरिकी मालिकेतले हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. मालिका १९६६ ते १९६८ या काळातली. पण हक्कांच्या गुंत्यामुळे तिचा अधिकृत संच घरी आणून पाहण्यासाठी बाजारात यायला २०१४ साल उजाडावे लागले. तो आणला त्या रात्री मी हे भिंतीचे दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिले. पुण्यात असताना सहा-सात वर्षे एकांकिका स्पर्धांचे नेपथ्य करण्यात गेल्यामुळे कुठलीही भिंत दिसली की ती कशावर उभी आहे हे पाहण्याची खोड मला लागलेली आहे. ही भिंत कशावरच उभी नव्हती. ती जमिनीवर आडवी टाकलेली होती. कॅमेरा नव्वद अंशांनी वळवलेला होता, नट कमरेत वाकून सपाट जमिनीवरून चालत होते, आणि केप ‘खाली’ लोंबत आहेत असे दिसावे म्हणून त्या दोऱ्यांनी मागच्या बाजूला ओढून धरलेल्या होत्या. युक्ती फारशी लपवलेलीही नव्हती, आणि नेपथ्यकार म्हणून मला त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. आश्चर्य वाटले ते त्या दोन नटांचे. आपण सपाट जमिनीवर वाकून चालत आहोत हे ठाऊक असणाऱ्या माणसाच्या ओठांवर, निदान डोळ्यांत तरी, कुठेतरी ती जाणीव उमटायला हवी होती. ती उमटली नव्हती.

पुढचे कित्येक महिने मी या मालिकेच्या घडणीविषयी मिळेल ते वाचत आणि मुलाखती ऐकत गेलो, आणि माझे कुतूहल घूमफिरून याच एका ठिकाणी येत राहिले. एवढ्या हास्यास्पद गोष्टीत न हसणे त्यांनी साधले कसे?

निर्माता विल्यम डोझियर याने तोवर बॅटमॅनचे एकही चित्रपुस्तक वाचलेले नव्हते. एबीसी ही त्या वेळी अमेरिकेतल्या तीन मोठ्या दूरचित्रवाणी जाळ्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाची, आणि त्यामुळे काहीतरी वेगळे करून पाहण्याची गरज असलेली संस्था. तिच्याकडून हे काम आल्यावर त्याने काही अंक विकत घेतले आणि ते विमानात वाचले. सुटाबुटातल्या मध्यमवयीन माणसाने मांडीवर असला रंगीत बाड घेऊन बसायचे म्हणजे शेजारच्या प्रवाशापासून तो लपवण्याचीच कसरत. वाचून त्याला वाटले की हे काम सोपवणाऱ्यांचे डोके ठिकाणावर नाही. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आले की गोष्ट जशी आहे तशीच, पण टोकाच्या गांभीर्याने, जरासाही डोळा न मिचकावता सांगितली, तर मुलांना ती साहस म्हणून आवडेल आणि मोठ्यांना विनोद म्हणून. दोन्ही प्रेक्षकांसमोर एकच मालिका असेल, संवादांतला एक शब्दही वेगळा नसेल.

हे सुचणे सोपे आहे. लिहिणे फार अवघड. त्यासाठी डोझियरने लॉरेन्झो सेंपल हा लेखक गाठला. तो तेव्हा स्पेनमध्ये राहत होता. माद्रिदच्या रिट्झ हॉटेलच्या बागेत दोघे भेटले आणि काय करायचे हे सेंपलच्या तिथल्या तिथे लक्षात आले. त्याने लिहिलेल्या पहिल्याच कथेत एक प्रसंग आहे. खलनायकाच्या मागावर असलेला बॅटमॅन रात्री एका नृत्यगृहाशी येतो. त्याचा पोरसवदा साथीदार रॉबिन अल्पवयीन असल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला आत नेता येत नाही, म्हणून तो बाहेर गाडीत बसून राहतो. बॅटमॅन एकटाच, मुखवटा-केपसकट, आत शिरतो. मोक्याचे टेबल हवे का, असे तिथला माणूस अदबीने विचारतो, तेव्हा बॅटमॅन म्हणतो की नको, मी कडेलाच उभा राहतो, उगाच कुणाचे लक्ष वेधून घ्यायचे नाही. मग तो ताज्या संत्र्याचा रस मागवतो. त्या रसात गुंगीचे औषध असते आणि पुढे तो नाचतो, हे सगळे ठीकच. पण माझ्या मते अख्खी मालिका त्या लक्ष न वेधण्याच्या वाक्यात सामावलेली आहे. त्या वाक्यात विनोद म्हणून काहीही नाही. एखाद्या सभ्य, संकोची गृहस्थाने सहज बोलावे असे ते वाक्य आहे. विनोद घडतो तो बोलणाऱ्याच्या कानांमुळे, कारण ते वटवाघळाचे आहेत आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नाही.

हा गृहस्थ सापडला तो एका जाहिरातीत. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला गावचा ॲडम वेस्ट तोवर बऱ्याच लहानसहान भूमिका करून बसला होता. दुधात घालायच्या चॉकलेट भुकटीच्या जाहिरातीत त्याने त्या काळच्या गुप्तहेरपटांची नक्कल केली होती, आणि ती डोझियरच्या नजरेत भरली. या भूमिकेसाठी लाईल वॅगनर या आणखी एका नटाचीही चाचणी झाली. दोघांच्या चाचणीचे चित्रीकरण आज पाहायला मिळते, आणि ज्याला अभिनयाची आवड आहे त्याने ते एकापाठोपाठ एक पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. वॅगनर देखणा आहे, उंच आहे, त्याचा आवाज चांगला आहे आणि त्याच्यात काडीची चूक नाही. त्याच ओळी वेस्ट म्हणतो तेव्हा मात्र तो मध्येच थांबतो, काहीतरी भयंकर महत्त्वाचे उलगडल्यासारखा शून्यात पाहतो, आणि मग पुढचे चार शब्द घाईने म्हणून टाकतो. वॅगनर वीरपुरुषाची भूमिका करत होता. वेस्ट विचार करत होता, आणि त्याचे विचार त्याला मनापासून पटत होते.

इथे मला आमच्या महाविद्यालयीन दिवसांतला एक फार्स आठवतो. त्यात एक फौजदार होता, आणि ट्रंकेत दडवलेल्या प्रेताची चौकशी करता करता तो त्याच ट्रंकेवर बसून चहा पीत असे. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृह अक्षरशः उसळले. दुसऱ्या प्रयोगाला तोच नट, तीच ट्रंक, तोच कप. पण बसण्याआधी त्याने प्रेक्षकांकडे एक ओझरती नजर टाकली आणि गालातल्या गालात हसला. लोक चिडीचूप झाले. विंगेत उभा असलेला मी ती शांतता अजून विसरलेलो नाही. नंतर रंगपटात दिग्दर्शक त्याला एवढेच म्हणाला, “तू हसून घेतलंस. आता त्यांनी कशाला हसायचं?” वेस्टने १२० भागांत ही चूक केली नाही. कुठे तिच्या अगदी जवळ गेला असेल, पण केली नाही.

रॉबिनचे काम करणारा बर्ट वॉर्ड नवखा होता, आणि त्याचे गांभीर्य बहुधा वेगळ्या कारणाने आले असावे. त्यानेच सांगितल्याप्रमाणे त्याला आठवड्याला ३५० डॉलर मिळत. बॅटमॅनचा मुखवटा अर्ध्याहून अधिक चेहरा झाकत असल्यामुळे धोक्याच्या दृश्यांत वेस्टच्या जागी साहसपटू उभा करणे सोपे होते. रॉबिनच्या डोळ्यांभोवती मात्र एवढीशी पट्टी, त्यामुळे बऱ्याच वेळा त्यालाच गाडीत बसवले जाई. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी वेगात वळण घेताना गाडीचे दार उघडले, त्याचे बोट निखळले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले, अशी हकीकत तो सांगतो.

ती गाडी मात्र हकीकतींच्या पलीकडची. लिंकन कंपनीने पुढच्या काळाची मोटार कशी असेल हे दाखवण्यासाठी ‘फ्युचुरा’ नावाची एकच गाडी इटलीतल्या तुरिन शहरातल्या घिया या कारखान्यातून बनवून घेतली होती. १९५५च्या प्रदर्शनांत ती मिरवली, पुढे एका चित्रपटातही दिसली आणि मग जॉर्ज बॅरिस नावाच्या, मोटारींचे रूप पालटून देणाऱ्या कारागिराच्या आवारात धूळ खात पडली. नाममात्र एक डॉलर देऊन त्याने ती घेतली असे म्हणतात. मालिकेची गाडी तीन आठवड्यांत हवी होती. कोऱ्या पत्र्यापासून आरंभ करायला वेळच नव्हता, म्हणून पंख मुळातच असलेल्या त्या गाडीचे पंख आणखी वाढवले, पुढच्या भागाला वटवाघळाच्या तोंडाचा आकार दिला, अंगावर काळा रंग चढवून कडांना नारिंगी रेघा ओढल्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री हाती लागेल त्या खुर्चीचे सिंहासन करणाऱ्या कुठल्याही नेपथ्यकाराला ही रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की आमची सिंहासने दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्च्या होत, आणि ही गाडी २०१३च्या लिलावात ४६ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

मालिका रंगीत होती, आणि त्या वर्षी रंग ही अमेरिकी घरांतली नवलाई होती. म्हणून सगळे काही भडक. खलनायकांच्या अड्ड्यात कॅमेरा मुद्दाम तिरका ठेवलेला असे, कारण तिथली माणसे वाकडी. बॅटमॅनच्या गुहेत प्रत्येक यंत्रावर त्याचे नाव लिहिलेली पाटी असे. आपल्याच घरातल्या वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या लावणारा नायक मला तरी दुसरा ठाऊक नाही. मारामारीत ठोसा बसला की पडद्यावर रंगीत अक्षरांत आवाज उमटे, चित्रपुस्तकात उमटतो तसाच. धोक्याच्या टोकावर भाग संपे आणि उद्या याच वेळी, याच वाहिनीवर, असे बजावणारा जो खर्जातला आवाज येई तो खुद्द डोझियरचा. निवेदकाचे काम त्याने श्रेयनामावलीत स्वतःचे नाव न घालता केले, आणि तेही पुन्हा तसेच, युद्धवार्ता वाचून दाखवावी तशा सुरात. नील हेफ्टी याने शीर्षकसंगीत केले. ते ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत सुचल्यासारखे वाटते, कारण त्यात शब्द म्हणजे नायकाचे नाव, तेवढेच. त्यासाठी हेफ्टीने कित्येक आठवडे डोके फोडून घेतले होते. त्या धूनला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

खलनायकांना मात्र हसण्याची पूर्ण मुभा होती, किंबहुना हसणे हीच त्यांची ओळख होती. रिडलर झालेला फ्रँक गॉर्शिन हसता हसता असा फुटे की ते हसू ऐकून लहान मुलांनी उशीत तोंड खुपसावे. त्याला त्या कामासाठी एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले. पेंग्विनचा तो बदकासारखा आवाज बर्जेस मेरेडिथच्या घशातून आला तो अडचणीपोटी. त्याने सिगारेट सोडलेली होती, भूमिकेला तर लांब नळीतली सिगारेट अनिवार्य, आणि धुराने खवखवणाऱ्या घशाचा खोकला लपवण्यासाठी त्याने ते क्वॅक-क्वॅक शोधून काढले. सीझर रोमेरोने जोकरसाठी आपली मिशी काढायला साफ नकार दिला. रंगभूषाकाराने पांढरा रंग मिशीवरूनच फासला. जवळच्या दृश्यात ती स्पष्ट दिसते. एकदा दिसली की पुढे दुसरे काहीच दिसत नाही, आणि तरीही त्या पात्राला काही धक्का पोहोचत नाही. समोर उभ्या असलेल्या बॅटमॅनला ती मिशी दिसत नाही, मग आपण कोण दिसली म्हणणारे?

आरंभी हे सारे फसणार अशीच चिन्हे होती. निवडक प्रेक्षकांना पहिला भाग दाखवून त्यांचे मत आजमावले तेव्हा ते फार वाईट आले. हशाचा ध्वनी जोडूनही तो दाखवून पाहिला गेला असे सांगतात, आणि तो उपाय लागू पडला नाही याचा मला एक नेपथ्यकार म्हणून आनंद आहे. तरीही एबीसीच्या वेळापत्रकात हंगामाच्या मध्यावर जागा रिकाम्या होत्या, आणि १२ जानेवारी १९६६ या बुधवारी मालिका सुरू झाली. बुधवारी अर्धी गोष्ट, गुरुवारी उरलेली. त्या हंगामात दोन्ही दिवसांचे भाग सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत होते. १६ मार्चला जेमिनी ८ हे यान कक्षेत गरगरू लागले, आत नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांचे प्राण पणाला लागले होते, आणि ती बातमी देण्यासाठी एबीसीने बॅटमॅनचा भाग मध्येच थांबवला. बॅटमॅन का थांबवला, अशा तक्रारींचे फोन त्यानंतर वाहिनीकडे येऊ लागले.

त्याच उन्हाळ्यात निघालेल्या चित्रपटात ते गांभीर्य शिगेला पोहोचलेले दिसते. पेटती वात असलेला भला मोठा बॉम्ब डोक्यावर धरून बॅटमॅन सांता बार्बराच्या धक्क्यावर सैरावैरा धावतो. फेकायला जावे तिथे जोगिणी उभ्या, दुसरीकडे बाबागाडी ढकलणारी बाई, तिसरीकडे होडीतले प्रेमी युगुल, चौथीकडे पाण्यात बदकाची पिल्ले. वेस्ट यातल्या प्रत्येकापाशी थांबतो, दचकतो आणि वळतो. हा प्रसंग मी कितीतरी लोकांना दाखवला आहे. त्यातले निम्मे लोक हसण्याआधी क्षणभर पिल्लांच्या काळजीत पडतात.

मग पैसे कमी पडू लागले. पडद्यावर उमटणारे ते आवाजांचे शब्द चालू चित्रावर छापणे हे खर्चाचे, वेळखाऊ काम होते. दुसऱ्या हंगामापासून रंगीत पाट्यांवर शब्द लिहून त्या मध्ये घुसडल्या जाऊ लागल्या. तो लहानसा बदल आहे, पण ठोसा आणि शब्द एका चौकटीत होते ते आता वेगळे झाले, आणि मारामारी दर वेळी क्षणभर थबकू लागली. त्या हंगामात ६० भाग झाले. दर आठवड्याला अडकायचे आणि दुसऱ्या दिवशी सुटायचे, हा साचा लेखकांच्याही पाठ झाला आणि प्रेक्षकांच्याही. तिसऱ्या हंगामात मालिका आठवड्यातून एकदाच येऊ लागली. नवा प्रेक्षक यावा म्हणून बॅटगर्ल आणली. ते काम करणाऱ्या इव्हॉन क्रेगने जीव ओतला, पण तिच्या भोवतीचे जग तोवर विरत चालले होते. अनेक दृश्यांत तर काळा पडदा आणि त्यापुढे पुठ्ठ्यातून कापलेली दोन दारे-खिडक्या एवढेच नेपथ्य उरले.

या काळ्या पडद्यांचा मी बराच विचार केला आहे, कारण आमच्या एकांकिका काळ्या पडद्यावरच होत असत आणि त्यात आम्हांला कमीपणा वाटला नाही. रिकाम्या रंगमंचावर माणूस गंभीर असू शकतो. पण बॅटमॅनच्या गांभीर्याला समोर काहीतरी तेवढेच भरीव लागत होते: खराखुरा वाडा, शेकडो पाट्यांची गुहा, इटलीत घडलेली गाडी, माणसाला गिळेल असे यंत्र. खोटेपणावर एवढी मेहनत घेतलेली असे की त्याच्याकडे गंभीरपणे पाहणे हे नायकाला शोभून दिसे. पुठ्ठ्याच्या दारासमोर तोच माणूस, त्याच आवाजात बोलत राहिला, तेव्हा विनोद काय आहे हे पहिल्यांदाच उघडे पडले. पडदा स्वतःच डोळा मिचकावू लागला होता.

१४ मार्च १९६८ रोजी शेवटचा भाग झाला. मालिका पुढे चालवायला एनबीसी ही प्रतिस्पर्धी वाहिनी तयार झाली होती, पण तोवर गुहेचा सेट मोडून टाकला होता आणि नव्याने उभारण्याचा खर्च परवडणारा नव्हता, असे सांगितले जाते. नेपथ्य मोडणाऱ्या सुतारांचा हिशेब त्या दिवसापुरता चोख झाला असणार. वेस्टला पुढची कित्येक वर्षे दुसरे काम मिळणे जड गेले. जत्रांत, मोटारींच्या प्रदर्शनांत तो तोच पोशाख घालून उभा राहत असे. २०१७च्या जून महिन्यात तो गेला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या नगरभवनाच्या भिंतीवर महापौर आणि पोलीसप्रमुखांनी वटवाघळाचे चिन्ह प्रकाशात उमटवले. शहराचा पोलीसप्रमुख बॅटमॅनला बोलावण्यासाठी खटका ओढतो. हे पटकथेत लिहिले असते तर सेंपलने त्यात एक शब्द बदलला नसता.

गुहेचे तोंड मात्र अजून जागेवर आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये गेल्या शतकाच्या आरंभी दगडाची खाण होती, आणि त्या खाणीने मागे ठेवलेले भगदाड म्हणजे ही गुहा. मी या शहराजवळ राहायला आल्यापासून तिथे अनेकदा गेलो आहे. मागच्या उन्हाळ्यात नाशिकहून आलेल्या माझ्या भाच्याला घेऊन गेलो. तो आठ वर्षांचा आहे आणि येण्याआधी दोन संध्याकाळी त्याने माझ्याकडचे सात-आठ भाग एकदाही न हसता पाहिले होते.

आत शिरून पन्नासेक पावले टाकली असतील नसतील तोच तो पलीकडच्या उजेडात उभा राहून ओरडला, “मामा, ही गुहा नाहीच आहे. बोगदा आहे.”

खरे आहे. तो खडकातून आरपार गेलेला लहानसा बोगदा आहे. कॅमेरा तोंडासमोर तिरपा ठेवला की दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत नाही, मग आत डोंगरभर अंधार आहे असे मानायला कुणाची हरकत नसते. गाडीसाठी ते तोंड अरुंद होते, म्हणून ती तिथून सावकाश बाहेर काढत आणि चित्र वेगाने पळवत. मी त्याला अंदाजाने कॅमेऱ्याच्या जागी नेऊन उभे केले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग माझे जाकीट मागून त्याने त्याच्या बाह्या गळ्याशी बांधल्या, चालत आत गेला आणि अंधारातून धावत बाहेर आला. मी फोनवर घेतलेले ते चित्र दुप्पट वेगाने लावून दाखवले. त्याने ते दोनदा पाहिले, केप नीट उडत नाही असे म्हणाला, आणि ती मागून कशी ओढता येईल हे मला समजावून सांगू लागला.